मे महिन्यातली विहीर

गेल्या हिवाळ्यात लातुरात, बार्शी रोडच्या मागच्या गल्लीत, रोज सकाळी नऊच्या ठोक्याला चाळिशीला टेकलेला एक माणूस अंगणात गुडघ्यावर बसायचा आणि पाण्याच्या बादलीत तोंड घालायचा. शेजारी त्याची बायको ज्योत्स्ना मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी. ती दवाखान्यात नर्स, त्यामुळे सेकंद मोजण्यात तिचा हात कुणी धरत नव्हतं.

"आज किती?" समोरच्या ओट्यावरून कोंडाबाई विचारायची.

"एकेचाळीस."

"कालच्यापेक्षा दोन कमी. म्हातारा व्हायलाय गं तुझा नवरा."

आनंदराज बादलीतून तोंड काढायचा, नाक शिंकरायचा आणि ओल्या हातानेच वहीत आकडा लिहायचा. बादलीतलं पाणी मग कढीपत्त्याच्या झाडाला जायचं. लातूरचं पाणी आहे, वाया घालवलं असतं तर ज्योत्स्नानं त्यालाच घराबाहेर काढलं असतं. गल्लीत यावर दोन मतं होती. एक, हा कुठल्यातरी बाबाच्या नादी लागलाय. दोन, बायकोनं शिक्षा केलीय. दुसऱ्या मताला गिऱ्हाईक जास्त होतं.

खरं कारण त्याहून येडं होतं. दुपारी पोरांना कॉम्प्युटर शिकवणारा हा गडी उरलेल्या वेळात मोबाइलवरचा एक गेम तयार करत होता. एकटाच, सात वर्षं. नाव 'ढकलाढकली'. त्यात दोघं जण अधांतरी फळ्यांवर उभे राहून एकमेकांना बदडतात. पण मारून टाकायचं नसतं, काठावरून खाली ढकलायचं असतं. अंगावर जितका मार साचेल तितका गडी पुढच्या फटक्याला लांब उडतो. बदडणारे कोण, तर तिकिटाच्या पेटीनं हाणणारा एसटीचा कंडक्टर, कात्री घेऊन फिरणारा टेलर, आणि परात फिरवणारी एक दणकट बाई. तिचं लुगडं, चालणं, शिवी तोंडाशी आली की ओठ मुडपणं, सगळं हुबेहूब कोंडाबाईचं.

"मला विचारलं होतं का रे?" कोंडाबाईनं कंबरेवर हात ठेवून जाब विचारला होता.

"मावशी, सगळ्यात जोराचा फटका तुमचाच हाय त्यात."

"मग असू दे," ती म्हणाली आणि लगेच, "मी पडते का कुठं?"

"विहिरीत पडता."

"पवता येतं का मला?"

"थोडा वेळ."

त्या थोड्या वेळासाठीच तर बादली होती. हैदराबादची एक कंपनी नवीन गेम निवडत होती. एकच गेम घेणार, नीट करून जगभर काढणार. अर्ज एप्रिलअखेर पाठवायचा. आनंदराजनं ज्योत्स्नाला शब्द दिला होता: यावेळी निवड झाली नाही, तर कॉम्प्युटर कपाटात. मग नांदेडला तिचा भाऊ प्रेम याच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या दुकानात बसायचं. प्रेमनं खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. "दाजी, फिरती घेतलीय, कंबर दुखणार न्हाई," असं तो दर फोनला सांगायचा, आणि दर फोननंतर आनंदराजची कंबर दुखायची.

गेममध्ये सहा मैदानं होती. पाच सपाट. सहावी विहीर, आणि सगळा जीव त्या विहिरीत. ती निलंग्याच्या अलीकडे, त्याच्या गावातल्या पाटलाच्या मळ्यातली. एकवीस पायऱ्या, आत झुकलेलं उंबराचं झाड. गावची पोरं दुपारभर तीत उड्या मारायची. आनंदराजच्या वस्तीतल्या पोरांनी मारायची नसायची. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. मग हा लांबच्या बांधावर बसून बघायचा. बघून बघून दुसरं काही करता येत नाही म्हणून ओल्या पायऱ्या मोजायचा. भादव्यात तीन पायऱ्या उघड्या. दिवाळीला सात. संक्रांतीला बारा. होळी झाली की एकवीसच्या एकवीस, आणि खाली खडक. चौदा वर्षं मोजल्यावर ती विहीर त्याला तळहातासारखी पाठ होती. पोहायला मात्र आलं नाही ते नाहीच.

म्हणून जानेवारीत तो दगडोबाला भेटायला गावी गेला. दगडोबानं त्या विहिरीत गावच्या तीन पिढ्यांना पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकवलेलं. आता सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू.

"तुला शिकवलं न्हाई का मी?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"न्हाई काका."

"का बरं?"

म्हाताऱ्यानं आवाजावरून घराणं ओळखलं असावं. धोतराचा सोगा उगाच नीट करत म्हणाला, "हाव. तवा तसं होतं. इचार, काय इचारायचं ते."

"बुडताना माणूस कसा वरडतो, ते पायजे होतं. आवाज भरायचाय."

दगडोबा हसला. "वरडतो? तोंड पाण्यात, वरडंल कुठून? वाचवा वाचवा म्हणतो त्याला अजून दम असतोय बाबा. बुडणारा गप असतोय. हात वर न्हाई करत, पाण्यावर दाबतो, शिडी चढल्यावानी. शेजारी पवणाऱ्याला पत्ता लागत न्हाई. माझ्या हाताएवढ्या अंतरावर एक गेला. मला वाटलं, खेळून राहिला."

"भरल्या विहिरीत?"

"भरल्या विहिरीत कोन बुडतंय? काठ हाताला लागतो की. निम्मी असली म्हंजी बुडतो. वर आकाश दिसतंय, पायरी दिसतीय, हात पुरत न्हाई."

परत येऊन आनंदराजनं महिनाभर खपून भरलेली किंकाळी पुसून टाकली. मग पाण्याचे नियम बसवले. पाण्यात पडलेल्याला हाणता येत नाही, फक्त हातपाय मारायचे आणि एखादी उडी. ताज्या गड्याला नऊ सेकंद दम. मार खाऊन पडलेल्याला चार. वरून कुणी डोक्यावर उडी घातली तर आहे त्याच्या निम्मा. उडी मारून पाण्याबाहेर आला आणि परत पाण्यातच पडला, तर दम भरत नाही. पाय पायरीला टेकले तरच भरतो. हे त्याला बादलीनं शिकवलं होतं: अर्धवट श्वास घेऊन पुन्हा तोंड घातलं की एकेचाळीसचे अकरा होतात. दम संपला की हात पाण्यावर दोनदा दाबायचे, आणि खाली. आवाज नाही. कुणी असं पाणी केलेलं नाही, असं त्याला वाटत होतं, आणि खोटं कशाला बोला, ते खरंही असेल.

एप्रिलात गल्लीतल्या अकरा जणांनी तो गेम आपापल्या फोनवर खेळून बघितला. कुणी म्हणालं कंडक्टर फार उडतो, कुणी म्हणालं रंग भडक आहेत. विहिरीला मात्र कुणी नाव ठेवलं नाही. कोंडाबाई तर स्वतःला खडकावर आपटलेलं बघून म्हणाली, "अगदी आपल्याकडच्यासारखी केलीस रे." आनंदराजला दिवसभर तेच पुरलं. तीस एप्रिलला गेम हैदराबादला गेला. अर्जात पाण्यावर दोन पानं लिहिली होती.

चौदा मेला कंपनीतून व्यंकट नावाच्या माणसाचा फोन आला. मूळचा देगलूरचा, बोलायला मोकळा. ज्योत्स्ना ड्यूटीला निघालेली, चप्पल एका पायात घालून दारातच थांबली.

"आनंदराजजी, गेम लई आवडला सगळ्यांना," व्यंकट म्हणाला. "पण विहीर अर्धवट कशाला पाठवलात?"

"अर्धवट कुठं हाय?"

"पाणीच नाही हो तिच्यात. पडला की खडकावर, खेळ खलास. तुमची दोन पानं वाचून आमची माणसं पाणी शोधून राहिली. पोहणं नाही, बुडणं नाही. कोरडी ठणठणीत."

"मे हाय की साहेब."

"मे?"

"मे महिना. मे महिन्यात विहिरीला पाणी कुठलं असतंय?"

मग व्यंकट हळूच म्हणाला, "म्हणजे गेम तारीख बघतो."

"फोनातली. भादव्यात तीन पायऱ्या उघड्या, दिवाळीला सात..."

व्यंकट हसायला लागला. देगलूरचाच माणूस, त्याला हसू आवरेना. आणि मग आवरलं. "अरे भाऊ, मग लिहायचं ना ते."

हे लिहावं लागतं, हेच आनंदराजच्या डोक्यात आलं नव्हतं. उन्हाळ्यात विहीर आटते, हे काय अर्जात लिहून द्यायचं असतं? त्याच्या स्वतःच्या फोनची तारीख तर तीन वर्षं ऑगस्टातच अडकवलेली होती, पाणी तपासता यावं म्हणून. सगळी लातूरनगरी टँकरमागे पळत असताना या गड्याच्या खिशात भर श्रावण चालू होता.

"एकदा तारीख बदलून बघा म्हणा त्यांना," तो म्हणाला. "ऑगस्ट करा. एक मिनिटाचं काम हाय."

"म्हणालो असतो हो. परवापर्यंत. काल दुसऱ्याच गेमची निवड झाली, पत्रं गेली." व्यंकटचा आवाज उतरला. "निवडणाऱ्या पाच जणांत मी एकटा इकडचा. मला तरी कळायला पाहिजे होतं. मला वाटलं, तुमचं काम राहिलं असेल."

फोन ठेवल्यावर ज्योत्स्नानं दुसरी चप्पल घातली. भांडली नाही. भांडली असती तर गल्लीला आणि त्यालाही जरा बरं वाटलं असतं. "मी पण बघितली होती की ती विहीर," एवढंच म्हणाली. "मला पण काही वाटलं न्हाई." आणि ड्यूटीला गेली. ड्यूटी तिची, बदली मिळण्यासारखी नव्हती. त्यामुळे ती लातुरात आणि हा नांदेडला, हेही त्याच दारात, न बोलताच ठरलं.

कॉम्प्युटर जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात गेला. जूनच्या एक तारखेला आनंदराज नांदेडला फिरत्या खुर्चीत बसला. प्रेम मनानं चांगला. गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमचे दाजी सॉफ्टवेअरमधले हैत." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि दुकानाच्या पाटीवरचा भाव कमी करून मागायचं. भिंतीवर चार पडदे. चारही गप.

"दाजी, आवाजाचा कॅमेरा लोक घेत न्हाईत," प्रेमनं पहिल्याच दिवशी समजावलं. "बघायलाच यायलंय तर ऐकून काय करायचं?"

चार पडद्यांवर माणसं यायची, तोंडं हलायची, जायची. आनंदराज बघायचा. बघण्याची सवय त्याला बांधावरची होती. फोनची तारीख त्यानं खरी करून टाकली. गेम काही पुसला नाही, पण उघडलाही नाही.

नोव्हेंबर संपत आलेला, एक दिवस दुपारी कोंडाबाईचा फोन. आधी तिनं दुकान विचारलं, जेवण विचारलं, प्रेमची बायको भाकरी करते का चपाती, हे विचारलं. मग मुद्द्यावर आली.

"तुझ्या विहिरीला पाणी आलंय रे. बघितलंस का?"

"न्हाई मावशी."

"आलंय. मला काय ते खेळता येत न्हाई. आपलं मलाच टाकते आत अन् बघत बसते."

न बघताच त्याला कळलं: दिवाळी मागं पडली, आठ-नऊ पायऱ्या उघड्या. निम्म्याकडं चाललेली.

"लई चांगलं पवते मी," कोंडाबाई म्हणाली. "मग हात असे असे करते आन् जाते खाली. पण वरडत न्हाई. तुझं मशीन बिघडलं का काय?"

"न्हाई. तसंच असतंय ते."

"वरडायचं न्हाई?"

"दम नसतोय मावशी."

"तू बरा हाईस न्हवं?" तिनं विचारलं.

समोरच्या पडद्यावर एक बाई दुकानाच्या पायरीवर उभी राहून कुणालातरी काहीतरी सांगत होती. ऐकू येत नव्हतं.

"हाव," आनंदराज म्हणाला. "बरा हाय की."

"मग झालं," कोंडाबाई म्हणाली, आणि फोन ठेवून पुन्हा एकदा स्वतःला विहिरीत सोडायला गेली.