उकिरड्यातल्या ट्यूबा

माझा उकिरडा पाहुण्यांना दाखवावा असा आहे, हे आधीच सांगून टाकते. लोक अंगणातली फुलझाडं दाखवतात, मी उकिरडा दाखवते. दोन म्हशी, एक गाय आणि शेळ्या. त्यांचं शेण, खाली सांडलेला पाला, चुलीतली राख, सगळं थरावर थर घालायचं आणि वरून पाणी मारायचं. वर्षानं खत कसं निघतं म्हणाल, तर चहापावडरीसारखं भुरभुरीत. माझे चुलत दीर निरवांगीला असतात, त्यांची डाळिंबाची बाग आहे. दर उन्हाळ्यात एक ट्रॉली खत त्यांच्या बागेला जातं आणि त्यांच्या बागेचं पहिलं फळ आमच्या देवापुढं येतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची ही रीत.

मागच्या उन्हाळ्यात ट्रॉली गेली आणि चौथ्या दिवशी भावजी मोटरसायकलवरून दारात. मागं गोणी बांधलेली. मला वाटलं, काकड्या आणल्या असतील. त्यांनी ओट्यावर गोणी उपडी केली, तर क्रीमच्या ट्यूबा, डब्या, शाम्पूच्या पुड्या, फेसवॉशचा पंप! सगळं मातीनं माखलेलं.

"वैनी, बागेला खत घातलंय का स्नो-पावडर लावलीया? गडी इचारत्यात, यंदा डाळिंबं गोरी करायची हायेत का काय!"

मला हसू आलं. ते मात्र हसले नाहीत.

"हसू नका. हे मुळाशी बसलं तर पाणी खाली उतरायचं न्हाय. पुढल्या साली मी इकतचं खत आणीन."

आणि चहा न घेता गेले. आमच्या दारातून ते कधी चहाशिवाय गेले नव्हते. ते मला लागलं.

सगळा राग सुनेवर निघाला. म्हटलं, "तुझ्या तोंडाला लावायच्या नादात माझ्या खताची अब्रू गेली." ती मला आत्या म्हणते. ती खाली बसली आणि एकेक ट्यूब फडक्यानं पुसायला लागली.

"आत्या, ही बघा, टाचेच्या भेगांची. ही पण टाचेचीच. ही थंडीत हाताला लावायची. ही डबी कुणाची?"

डबी माझीच होती. तिच्या तीन निघाल्या, मुलाची दाढीच्या क्रीमची एक, बाकी ढीग माझा. बरं, रोजचा केर लोटून उकिरड्यावर टाकते कोण? मीच. पूर्वी केरात काय असायचं, तर काड्या, साली, माती. सगळं कुजायचं. केर बदलला, पण माझ्या हाताला ते कळलंच नाही.

मी म्हटलं, "बंबात घालू, पाणी तरी तापेल."

"नको हो आत्या. मागं घातलेलं, तवा आबा अर्ध्या अंघोळीतनं खोकत बाहेर आलेले." आबा म्हणजे आमचे मालक. टॉवेल सावरत बाहेर आले होते, आठवून दोघी हसलो.

मग बारामतीला लेकीला फोन लावला. तिच्या दारात घंटागाडी येते. तिनं गाडीवरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "धुतलेलं, कोरडं असेल तर सुक्या कचऱ्यात घेऊ. माखलेलं न्हाय घेणार."

झालं, शिवणाची कात्री काढली. संपलेली म्हणून टाकायला घेतलेली ट्यूब मधोमध कापली, तर आत चार दिवसांचं क्रीम! सून म्हणाली, "आत्या, टाचा पुरंनात आता." आतलं बोटानं निपटायचं, थोड्या पाण्यात विसळायचं, सुपात उन्हाला ठेवायचं. पंपात स्प्रिंग असते, ती सून वेगळी काढते. शेजारीण डोकावली, "काय, कुरडया घातल्या का गं?" मी म्हटलं, "व्हय, ये खायला." काचेच्या आणि जाड प्लॅस्टिकच्या डब्या भंगारवाला नेतो, ट्यूबा-पुड्यांची पिशवी लेक आली की बारामतीला नेते.

पण उकिरड्यात आधीच गेलेल्यांचं काय? वाळू चाळायची मोठी चाळण आणली आणि आम्ही दोघींनी सगळा उकिरडा चाळला. रोज सकाळी थोडा थोडा. कंबर धरली, पण सोडलं नाही.

यंदा भावजींना फोन केला, "खत तयार हाय." ते नुसतं "बघू" म्हणाले. आले ते ट्रॉलीशिवाय, हातात फावडं. तीन ठिकाणी खणलं, उकिडवं बसून मुठीत खत घेऊन चुरलं. तिसऱ्या खड्ड्यात काहीतरी लाल चमकलं. मी पुढं वाकले. टोपण असलं तर? त्यांनी ते उचललं, पुसलं, वास घेतला. वाळकी मिरची होती.

"वैनी, उद्या ट्रॉली लावतो," म्हणाले आणि ओट्यावर येऊन बसले. सुनेनं चहा आणला. कप संपवून उठले, पण पाय निघेना. टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "एक सांगू का? मागल्या गोणीत आमच्या उकिरड्यावरच्याबी चार ट्यूबा व्हत्या. रागात दिल्या मिसळून."

"आँ! आणि मला वर्षभर चाळायला लावलं?"

"तुमच्याबी व्हत्या की लई!"

"बसा खाली," म्हटलं. "आणखी एक कप घ्या. आणि उद्या ट्रॉलीबरोबर जाऊबाईंना पाठवा, येताना घरातल्या सगळ्या ट्यूबा घेऊन. कात्री मी देते."