नवव्या दाराचे गाऱ्हाणे

हे नऊ दारांच्या घराच्या धन्या! डोळ्यांची दोन दारे तू दिलीस, त्यांच्यावर कवींनी अपार लिहिले. कानांची दोन दिलीस, तेथून तुझे नाव आत आले. नाकाच्या दोन दारांतून श्वास ये-जा करतो, मुखाच्या दारातून तुझा गजर बाहेर पडतो. आठव्याविषयी आम्ही दबक्या आवाजात बोलतो. आणि नववे? त्या बिचाऱ्याचे गुणगान कुणी केले? साऱ्या घराचा केर निमूटपणे बाहेर नेणारे ते दार. कुरकुरू लागेपर्यंत ते आहे याचीही आम्हांस आठवण नसते. देवा, घर तुझे, तर दारही तुझेच. मग त्याची लाज ती कसली? एवढा धीर दे, म्हणजे बैठककाकांची कथा मोकळ्या गळ्याने सांगता येईल.

सज्जनहो, बैठककाका वेताच्या खुर्च्या विणतात. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी उजेड, भिंतीलगत वेत भिजत घातलेला टब, आणि मागे खुर्च्यांचे उघडे सांगाडे, जणू पंगतीत ताटकळलेले पाहुणे. बैठककाका हे नाव त्यांना गल्लीने दिले, कारण स्वतः बसून पाहिल्याशिवाय एकही खुर्ची त्यांनी कधी दाराबाहेर जाऊ दिली नाही. डोळे मिटून बसायचे, डावीकडे कलायचे, उजवीकडे कलायचे, पाठ टेकून वेताची कुरकुर ऐकायची, आणि उठताना खुर्चीच्या हातावर थोपटून म्हणायचे, "जा बाई, नीट नांद."

तेच काका बसेनासे झाले!

हे प्रथम टिपले समोरच्या घड्याळमास्तरांनी. दिवसभर भिंग लावून बसणाऱ्या माणसाचे कुतूहलही बारीकच. वाचनालयाच्या नव्या खुर्च्या दुकानात येऊन विणून होत होत्या, पण काका त्यांच्याभोवती नुसते फिरत. तळहाताने दाबून पाहत, आणि तोंड फिरवत. का बरे? गुडघा धरला? कुणावर रुसवा? की वयापरत्वे गर्व चढला, बसून पाहायची गरजच उरली नाही? मास्तरांचा भिंगाखालचा काटा जागच्या जागी राही आणि डोळा पलीकडे जाई.

घरी काकूंनाही तेच कोडे. जेवण उभ्याने, चहा उभ्याने.

"अहो, घोडा आहात का?" त्या म्हणाल्या. "बसा की घटकाभर."

"उभ्यानं अन्न लवकर उतरतं."

"मग झोपायचंही उभ्यानंच का?"

काका हसले, पण हसू ओठांच्या आतच राहिले. कारण सज्जनहो, त्यांना जे ठाऊक होते ते त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते. शौचाच्या वेळी आग होई, बसले की कळ येई, आणि कधी कधी लालभडक रक्त दिसे. असेच रक्त त्यांच्या थोरल्या भावालाही पडत असे. दादाने ते लपवले, आणि आतड्याच्या कर्करोगाने तो गेला. काकांनी मनाशी निवाडा करून टाकला होता, की तोच पाहुणा आता आपल्या दारी आला आहे. मग डॉक्टरांना विचारायचे तरी काय? उत्तर ऐकण्यापेक्षा प्रश्नच गिळलेला बरा.

आणि कारागिराने दुखण्यावर कारागिराचाच तोडगा काढला. एका जुन्या खुर्चीची बैठक मधोमध कापली, कडा सुरेख गुंफल्या, आणि वाटोळे भोक राखले. दुखरी जागा टेकायलाच नको! त्या खुर्चीवर त्यांना घटकाभर बसवे. मात्र उठल्यावर कळ दुणावलेली असे. 'भोक लहान पडलं,' असे म्हणून ते आणखी कापत. दिवसभर ती खुर्ची मागच्या कोपऱ्यात चादरीखाली पडदानशीन असे.

झाकलेली वस्तू आणि घड्याळमास्तर! एके दुपारी टोचा मागण्याच्या निमित्ताने आले आणि चादर उचलली.

"हे काय हो?"

"कुंडी ठेवायची खुर्ची."

"आणि कुंडी कुठाय?"

मास्तरांनी त्या भोकाकडे पाहिले, काकांच्या उभ्या पायांकडे पाहिले, आणि आवाज खाली आणला. "बैठककाका, आपण दोघंही दिवसभर बसून काम करणारे. मलाही झाली होती मूळव्याध. त्या चौकातल्या डॉक्टरबाईंनी बरं केलं."

"मला मूळव्याध नाही." काकांनी हातातला वेत टबात टाकला. "रक्त पडतं, मास्तर. दादाला पडायचं तसंच."

मास्तर खुर्चीच्या मोकळ्या सांगाड्यावरच टेकले. म्हणाले, "लोक माझ्याकडं बंद घड्याळ आणतात. म्हणतात, मेलं. उघडून पाहावं तर निम्म्या वेळा आत नुसती धूळ असते."

"आणि उरलेल्या निम्म्या वेळा?"

"तेव्हा तर उघडायलाच हवं ना!"

संध्याकाळी काकांनी काकूंना सारे सांगितले. त्या रागावल्या, रडल्या, पुन्हा रागावल्या, आणि सकाळी चपला घालून त्यांच्याआधी दारात उभ्या राहिल्या.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "बसा."

"उभाच बरा आहे."

"इथं येणारे सगळे हेच म्हणतात."

"बाई, दुखणं जरा... जागा अशी आहे की..."

"काका, जागा मला ठाऊक आहे. पत्ता सांगू नका, दुखणं सांगा."

काकू खुदकन हसल्या, आणि काकांच्या जिभेची गाठ सुटली. रक्त सांगितले, दादाचे सांगितले. भोकाच्या खुर्चीचे तर थोडे अभिमानानेच सांगितले. तपासून झाल्यावर बाईंनी त्या खुर्चीविषयी फार रस घेऊन विचारले. भोक केवढे? कडा कशा? मग म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, बैठकीला भोक पाडलं तर मधल्या भागाला आधार कुणाचा?"

काका थबकले. "कुणाचाच नाही. भोवती ताण येतो, मधलं लोंबतं." आणि कपाळावर हात मारला. "गिऱ्हाइकाच्या खुर्चीला मी असं कधीच केलं नसतं!"

"तुम्हाला मूळव्याध आहे. पण भावाचं ऐकल्यावर आतून दुर्बिणीनं पाहिल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही."

ती तपासणी होईपर्यंत काका देवाशी फार बोलले. मागणे एकच होते, की जे असेल ते कळू दे. आणि कळले! आतडे निर्मळ होते. दादाचा पाहुणा आलाच नव्हता. काकूंनी दवाखान्याच्या दारातच डोळे पुसले; काका मात्र मान खाली घालून उभे राहिले, कारण त्यांना दादा आठवला. त्यानेही वेळेवर कुणाला विचारले असते तर?

पुढे बाईंनी सुजलेल्या कोंबांना रबराची बारीक कडी बसवायचे ठरवले. काकांचे कुतूहल उफाळून आले. "बाई, गाठ की सुरगाठ?"

"गाठच नाही. कडी आवळून बसते, कोंब सुकतो, आपोआप गळतो."

"वा! म्हणजे वेताचं जादा टोक आवळून ठेवतो, सुकलं की आपोआप तुटतं, तसंच." आणि काका समाधानाने कुशीवर वळले.

औषधापेक्षा पथ्य मोठे होते. पाणी भरपूर, भाज्या-फळे, रात्री इसबगोल, कोमट पाण्याच्या टबात बसणे, कुंथायचे नाही, आणि शौचालयात वर्तमानपत्र न्यायचे नाही. हे शेवटचे त्यांना सर्वांत जड गेले. शौचाला बसताना पायांखाली ठेंगणी चौकी घ्यायला सांगितली, तेव्हा मात्र काका खुलले. जन्मभर माणसांच्या बैठका विणल्या, आता पायांसाठी पहिली चौकी केली, बुटकी, भक्कम. घड्याळमास्तरांनी ती पाहिली आणि जाताना आपल्यासाठीही सांगून गेले.

कळ ओसरली, रक्त थांबले. मग एका सकाळी काकांनी वाचनालयाची पहिली खुर्ची दाराच्या उजेडात ओढली. समोर मास्तरांनी भिंग काढून ठेवले. काकू दुकानाच्या पायरीवर थांबल्या. काका सावकाश बसले, डोळे मिटले, डावीकडे कलले, उजवीकडे कलले. गल्ली क्षणभर कान देऊन उभी राहिली. वेत बारीक कुरकुरला.

"बोलली का?" मास्तरांनी विचारले.

"बोलली. थोडी चोंबडी आहे, पण गुणी आहे." काकांनी हातावर थोपटले. "जा बाई, नीट नांद."

त्या भोकाच्या खुर्चीचे भोक त्यांनी नंतर पुरते विणून काढले. आता संध्याकाळी तिच्यावर काकू बसतात, शेजारी काका, आणि दोघांचा चहा बसूनच होतो.

हे घरधन्या, या घराची नऊही दारे सुरळीत ठेव. काकांच्या बोटांत वेताचा जीव राहू दे, काकूंच्या रागात असेच प्रेम राहू दे. आणि ज्या ज्या घरी कुणी अवघडून, ओठ मिटून उभे असेल, त्याच्या समोर चादर उचलणारा एक शेजारी धाड. बसा, सुखाने बसा. तुमचे कल्याण असो.