सहा व्होल्टचा रेडिओ

यशयाच्या हातात कला आहे असं सगळी वस्ती म्हणायची, आणि दुर्दैवानं यशयालाही तसंच वाटायचं. नागापूरच्या एका कारखान्यात तो फिटर. घरी बायको मरियम आणि तान्हं पोर; वीज नव्हती. त्याचे वडील शांतवन मास्तर दिवसभर ट्रान्झिस्टर ऐकायचे, त्यामुळे त्यातले चार सेल बघता बघता मान टाकायचे. काचबिंदूनं डोळे गेल्यापासून ताटापासून काठीपर्यंत सगळं त्यांना दुसऱ्यानं हातात द्यावं लागे. रेडिओची बटणं मात्र ते स्वतः फिरवत. त्यांच्या हुकमतीत उरलेली तेवढीच एक वस्तू.

सेलांची कटकट मिटवायला यशयानं कारखान्यातल्या जीपची जुनी बॅटरी आणली. बॅटरी बारा व्होल्टची, रेडिओ सहाचा. बॅटरीच्या सहा कप्प्यांपैकी तीन सोडून मधूनच तार काढली असती तर सहा मिळाले असते. पण मग अर्धीच बॅटरी झिजणार, हे काही गड्याला पटेना. त्यानं वाटेत सायकलच्या दिव्याचा बल्ब घातला. जादा व्होल्ट बल्ब खाईल, असा हिशेब. रेडिओ मोठ्यानं लावून मीटर धरलं तर बरोबर सहा. स्वारी खूश.

आठवडा उलटायच्या आत रेडिओ मुका झाला. नगरच्या मेकॅनिकनं आतले जळके ट्रान्झिस्टर बदलले आणि जास्त व्होल्ट गेल्याचं सांगितलं. यशया त्याच्याशी भांडून आला. पुन्हा जोडला, पुन्हा मुका. दमूनभागून घरी आलेल्या यशयाचं टाळकंच सरकलं.

"काय केलं तुमी, बाबा?"

"काही नाही रे. मरियमचा डोळा लागला होता, म्हणून जरा हळू केला."

"हात लावत जाऊ नका त्याला. तुमाला त्यातलं कळत न्हाई."

जन्मभर पोरांना शिकवण्यात घालवलेल्या मास्तरांनी रेडिओ चाचपून त्याच्याकडे सरकवला.

तिसऱ्यांदा दुरुस्त करून आणला तेव्हा यशया रविवारी मीटर लावूनच बसला. मोठ्या आवाजाला सहा. आवाज कमी करत गेला तसा काटा चढला: सात, नऊ, अकरा. त्यानं घाईघाईनं तार उपसली. रेडिओ मोठ्यानं वाजताना भरपूर करंट ओढतो, तेव्हाच बल्ब आपला वाटा खातो. हळू लावला की बल्ब उपाशी, आणि सगळा भार रेडिओच्या उरावर. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्यानं. स्वतःचा इतका संताप आला की बल्ब उचलून त्यानं अंगणात भिरकावला.

मग मुकाट्यानं बॅटरीच्या मधून तार काढली आणि रेडिओ वडिलांच्या पुढ्यात ठेवला.

"चूक माझीच हुती, बाबा. आता कसाबी लावा, जळायचा न्हाई."

"बरं झालं," मास्तर हसून म्हणाले. त्यांच्या मनात काही राहिलेलं दिसलं नाही, आणि यशयाला हायसं वाटलं.

दुपारी मरियम पोराला थोपटायला लागली. मास्तरांचा हात सवयीनं बटणाकडे गेला, अर्ध्यात थांबला आणि परत मांडीवर आला.

"यशया," त्यांनी हाक मारली, "जरा हळू करतोस का रे?"