कॉलेजच्या मैदानावरची बातमीदार

माझे वडील कागद कारखान्यात होते. वर्तमानपत्राचा कागद तिथं तयार व्हायचा. मी बातमीदार झाले तेव्हा ते खुशीत म्हणाले, "आम्ही जन्मभर कोरा कागद पाठवला. त्यावर लिहिणारं कुणीतरी घरातून निघालं."

याची सुरुवात खो-खोपासून झाली. बऱ्हाणपूरला कॉलेजात मी संघात होते. गुडघा दुखावला आणि बाहेर बसावं लागलं, तेव्हा आमचे क्रीडा अधिकारी सर म्हणाले, "नुसती बसू नकोस. मॅचचा रिझल्ट पेपरला लिहून दे." पेपर हिंदी, आणि मी घरात मराठी बोलणारी. तरी लिहिलं आणि ते छापून आलं. पुढं शिक्षण संपल्यावर गावातल्या इतवारा भागातल्या त्या पेपरच्या कार्यालयात मला कॉलेजच्या खेळांचं काम मिळालं.

ते काम मला मनापासून आवडायचं. संघांबरोबर बसनं जायचं, त्यांच्यातच जेवायचं, परतताना मोबाइलवर बातमी लिहायची. इंदूरच्या मुख्य कार्यालयात क्रीडा विभाग होता. इथं काही वर्षं चांगलं काम केलं की तिथं घेतील, असं मी धरून चालले होते. तसं मला कुणी कधी म्हटलं मात्र नव्हतं.

एकदा खंडव्याला मुलींच्या कबड्डीची विभागीय फायनल होती. आमच्या संघाची कॅप्टन खकनारकडच्या खेड्यातली. सामना हातातून चाललेला असताना तिनं एका चढाईत समोरच्या तिघींना बाद केलं आणि लंगडत मधल्या रेषेवर येऊन पडली. तिथून सामना फिरला. परतताना बाकीच्या मुली गाण्यांत दंग होत्या, ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"ताई, नाव नीट लिहा हं. विद्यापीठाच्या कॅम्पला निवड झाली तर बाबा पाठवतील की नाही, काही खरं नाही. पेपरात दिसलं तर त्यांना पटेल."

मी मन लावून बातमी लिहिली आणि फोटोंसह पाठवून दिली.

सकाळी पेपर उघडला तर अर्ध्या पानावर कोचिंग क्लासची जाहिरात. आमची बातमी दोन ओळींची झाली होती. फोटो मात्र मोठा होता, बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांचा. कपाच्या एका बाजूला कॅप्टनचे हात तेवढे आले होते.

तिचे वडील सकाळच्या बसनं थेट कार्यालयात आले. नातेवाइकांना वाटायला म्हणून त्यांनी पेपरचा गठ्ठाच घेतला होता.

"ताई, पोरीचं नाव कोणत्या पानावर आहे? मला काही सापडत नाही."

मी फोटोवर बोट ठेवलं. "काका, हे हात तिचे आहेत."

त्यांनी पेपर डोळ्यांजवळ नेला. "हातांवरून गावात कोण ओळखील?" आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

मी आत ब्यूरो प्रमुखांकडे गेले. "सर, कल पूरी खबर लगवा दीजिए."

"बासी हो गई अब. और सच बोलूँ? कॉलेज का खेल पढ़ता कौन है?"

"बाहर जो बैठे हैं, वो पढ़ते हैं."

त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं आणि पुन्हा फोन कानाला लावला.

मग मी काकांशेजारी बाकावर बसले आणि सगळा सामना त्यांना तोंडी सांगितला. "एकटीनं तिघी?" त्यांनी दोनदा विचारलं. थोड्या वेळानं म्हणाले, "कॅम्पला पोरी राहतात कुठं? सोबत बाई असते का?" निघताना पेपरचा गठ्ठा त्यांनी तिथंच ठेवला. पण निवड झाल्यावर मुलीला त्यांनी कॅम्पला पाठवलं.

पुढं खेळाचं पान इंदूरहूनच तयार यायला लागलं, बहुतेक क्रिकेटनं भरलेलं. मी तिथल्या संपादकांना फोन करून क्रीडा विभागातल्या नोकरीचं विचारलं. ते म्हणाले, "यहाँ तो जो हैं, उन्हीं को कम कर रहे हैं. आप एजुकेशन देख लीजिए." तेव्हापासून मी कॉलेजांच्या प्रवेशाच्या पुरवण्या लिहिते. कोणत्या कॉलेजात किती छान प्रयोगशाळा आहे, वगैरे. माझ्याबरोबर खेळ लिहिणारा सहकारी शाळेत शिकवायला लागला. वडिलांना यातलं मी फारसं सांगितलं नाही. ते अजून पेपर आला की आधी खेळाचं पान उघडतात.

ती कॅप्टन आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात क्रीडा अधिकारी आहे. या हिवाळ्यात तिचा फोन आला. "ताई, माझ्या मुली फायनलला आल्यात, आणि मॅच बऱ्हाणपूरलाच आहे! बातमी तुम्हीच लिहायची."

"माझ्याकडे पानच नाही गं आता."

"मग नुसत्या बघायला या."

नेमकं त्याच दिवशी तापीपलीकडं जैनाबादला एका खासगी कॉलेजच्या इमारतीचं उद्घाटन होतं. जाहिरात देणारी मंडळी, त्यामुळे जाणं भाग होतं. भाषणं लांबली. तापीच्या पुलावर रिक्षा अडकली. मी मैदानावर पोचले तेव्हा कबड्डीच्या चुन्याच्या रेषांवर पोरं क्रिकेटचे स्टंप ठोकत होती. संघ निघून गेला होता.

संध्याकाळी तिचा मेसेज आला, "हरलो, ताई. पण माझी एक मुलगी काय खेळली! तुम्ही बघायला हवी होती."

त्या मुलीला माझी शाबासकी सांग, असं मी तिला कळवलं. त्या मुलीचं नाव मात्र मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर लिहावंसं वाटेल.