अख्खी लिंबं

सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात नर्स म्हणून माझी सगळी नोकरी झाली. पू, रक्त, ओकाऱ्या, सगळं या हातांनी निस्तरलं आणि हात धुऊन त्याच हातांनी डबा खाल्ला. त्यामुळे आपल्याला कशाची किळस येत नाही, असा माझा समज होता. निवृत्त झाल्यावर गच्चीवर लिंबू लावलं आणि तो समज गेला.

बीडमधल्या आमच्या घराला गच्ची चांगली मोठी आहे. मी निळे प्लास्टिकचे ड्रम अर्धे कापून तिथं मांडले. एकात कागदी लिंबू, एकात मोसंबीचं कलम. कोपऱ्यात सिमेंटचा खांब रोवून त्यावर ड्रॅगन फ्रूट चढवलं, वर स्कूटरचं जुनं टायर बांधलं, म्हणजे फांद्या त्यावरून खाली लोंबतात. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि जिना चढून झाडांना घालायचं. नवरा म्हणायचा, "दवाखान्यातून सुटलीस अन् ह्या पेशंटांच्या तावडीत सापडलीस."

तसंच झालं. लिंबाच्या कोवळ्या पानावर एकदा पक्ष्यानं शिटल्यासारखं काहीतरी दिसलं. पुसायला बोट लावलं तर ते हललं. अळी होती! तिनं डोक्यातून दोन नारंगी शिंगं बाहेर काढली आणि नासलेल्या लोण्यासारखा असा काही भपकारा आला की मी जिन्यापर्यंत पळत सुटले. पुढं हातमोजे घालून, चिमट्यानं एकेक अळी साबणाच्या पाण्यात टाकायची सवय झाली, पण किळस काही गेली नाही. ड्रॅगन फ्रूटचं निराळं. फूल रात्रीतून उमलतं, सकाळी मान टाकतं आणि मग फळाच्या टोकाला शेंबडासारखं लिबलिबीत होऊन चिकटून राहतं. ते ओढून काढताना काट्यांनी बोटं सोलवटतात. सांगायचं एवढंच, की हे सगळं मी सोसलं, कारण झाडांना मनापासून जीव लावला होता. लिंबू तर इतकं लागलं की दोघांना संपेना.

शेजारी एक वहिनी राहते. माझ्याहून लहान, बोलकी, दिवसातून दहादा फाटकाशी येणारी. "ओ सिस्टर, दोन लिंबं द्या की, अमुशा हाय," असं म्हणून पदर पुढं करायची. ती लिंबं दोऱ्यात मिरच्यांबरोबर ओवून दाराला आणि नवऱ्याच्या गाडीला लागायची. आमच्यात दृष्ट, बाधा, करणी असलं काही मानत नाहीत. आम्ही बौद्ध. कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे आणि आम्ही ते कधी झाकलं नाही. पण मागणाऱ्याला नाही कशाला म्हणा? मी देत गेले. पुढच्या अमावास्येला जुनी माळ रस्त्यावर पडायची. माझंच लिंबू, काळं पडलेलं, माशा बसलेलं, माझ्याच फाटकासमोर. लोक त्याला वळसा घालून जायचे. मी ते झाडूनं उचलून टाकायची आणि चडफडायची.

मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. तिनं आमच्या घरात बसून माझ्या लिंबाचं एक ग्लास सरबत प्यावं. फार नव्हतं ते. तिची सासू अंथरुणाला खिळली होती, तेव्हा पाठीवरच्या जखमा धुवायला मी रोज जायची. जखमांना वास यायचा, घरातले लोक दाराबाहेर उभे राहायचे. जखम धुऊन झाली की वहिनी मला चहा द्यायची, कागदी कपात. म्हातारीला इन्फेक्शन नको म्हणून हिनं काळजी घेतली, असं समजून मी मनातल्या मनात तिचं कौतुक केलं. मी अशी शहाणी!

ती घरात यायची, पंख्याखाली बसायची, पण सरबत पुढं केलं की तिला उपास असायचा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी आणि यातलं काही नसलं तर नवस. एकदा ड्रॅगन फ्रूट कापून लालभडक फोडी बशीत ठेवल्या. "उपास हाय ना, सिस्टर." उपासाला फळ चालतं, हे मला तिनंच सांगितलं होतं. त्याच झाडाचं दुसरं फळ मी अख्खं दिलं, ते तिनं घरी नेलं, कापलं आणि मोबाइलवर स्टेटसला टाकलं. "लई भारी लागलं बघा," असं दुसऱ्या दिवशी सांगूनही गेली. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. खरं सांगायचं तर मी तो पडू दिला नाही.

मग मी लिंबाचं गोड लोणचं घातलं. बिया काढून बारीक फोडी, गूळ, जिरं, थोडं लाल तिखट. उन्हात मुरवून काचेची बरणी भरली आणि तिला दिली. तिनं हसत घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. मी माझी बादली रिकामी करायला गेले, तर माझ्या आधी तिची ओतलेली. चहाचा चोथा, विंचरलेल्या केसांचा गुंता, भाताची शितं आणि त्यावर माझं लोणचं. पाकासकट, सगळंच्या सगळं. फोडींना केस चिकटले होते.

संध्याकाळी ती बरणी परत द्यायला आली. लख्ख घासलेली. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून आत साखर.

"लई झ्याक झालतं, सिस्टर. पोरांनी बोटं चाटली."

मला मळमळलं. दवाखान्यात इतक्या वर्षांत मळमळलं नव्हतं तसं. अळी निदान बोट लावताच शिंगं दाखवते. ही माझ्याच उंबऱ्यावर गोड हसत उभी होती. मी बरणी घेतली आणि साखर डब्यात ओतून ठेवली. अन्न फेकणं माझ्यानं होत नाही.

त्यानंतरच्या अमावास्येला ती फाटकाशी आलीच. "सिस्टर, आज पाच द्या. नवी गाडी घेतलीय." मी वर गेले, झाडावरची सगळ्यांत रसरशीत पाच लिंबं तोडली, खाली येऊन विळीवर प्रत्येकाच्या दोन फोडी केल्या आणि ताटलीत घालून बाहेर आणल्या. तिनं पदर पसरला होता. ताटली दिसताच तो तिनं मुठीत आवळला.

"कापली कावून ओ?"

"आमच्याकडं आता कापूनच मिळतात. घ्या, वहिनी."

रस ताटलीतून माझ्या सोलवटलेल्या बोटांवर आला आणि बोटं झोंबायला लागली. मी ताटली तशीच धरून उभी राहिले. तिनं एकदा फोडींकडं बघितलं, एकदा माझ्या हातांकडं.

"आज उपास हाय ना, सिस्टर," ती म्हणाली.

मी फाटक लावलं, आत आले, पाचही लिंबं पिळली आणि ओट्यापाशी उभ्यानंच सरबत प्यायले. साखर तिचीच होती.