बुडालेला जिना बघायला कुडव्याहून नवेगाव बांध

खरं सांगते, या सहलीला मी माझ्या मनाने गेलेच नाही. मला बाबांनी नेलं. आणि तेही रागात.

झालं असं की मी कॉम्प्युटर गेमची परीक्षणं लिहिते. जुन्या वाचकांना ठाऊक आहे. नव्यांनी एवढंच समजा की दहा वर्षं मी हेच करतेय आणि स्वतःला फार शहाणी समजते. आठवड्यापूर्वी इथेच मी ‘पाणराखी’ नावाच्या गेमला दहापैकी चार गुण दिले. नागपुरात बसून चौघांनी तीन वर्षं खपून केलेला गेम. जादू, तलवारी, राक्षस, सगळा मालमसाला. नायिका भाडोत्री तलवारबाज, आणि तिला मारायचा आहे डोहासूर, म्हणजे एका डोंगरी तलावात ठाण मांडून बसलेला हा एवढा मोठा जलराक्षस. मारामारी झकास आहे. वार चुकवून उलटा घाव घातला की हाताला मजा येते. पण शेवट? डोहासूर पाण्यात मरतच नाही. तलावाची पाळ फोडावी लागते, पाणी वाहून जातं, राक्षस उघडा पडतो, मग मारा. पाळीखालचं गाव मात्र बुडतं. मी पाच वेळा खेळले, पाच वेळा गाव बुडवलं आणि लिहून टाकलं, ‘क्रूर शेवट, दुसरा मार्गच ठेवलेला नाही. तलावात एक दगडी जिना आहे, त्याचा उपयोग काय, तर मरायला.’

परीक्षणाखाली त्या चौघांपैकी एकीची प्रतिक्रिया आली. मुलगी आपल्याच जिल्ह्यातली, चिचगडची. तिने एवढंच लिहिलं होतं, ‘ताई, जिना पुन्हा एकदा नीट बघाल का?’ मी तडकाफडकी उत्तर दिलं, ‘बघितला. त्यात मरतात.’ किती तो तोरा! आज वाचलं की कान गरम होतात.

तर त्या संध्याकाळी मी पडद्याचे फोटो काढायला सहाव्यांदा पाळ फोडत होते आणि बाबा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. गेममधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण पाळ कळते. आम्ही जातीने कोहळी. आमच्या वाडवडिलांनी या भागात गावोगाव तलाव बांधले, हे बाबांनी मला लहानपणापासून इतक्यांदा सांगितलंय की मी ऐकणंच सोडून दिलं होतं.

“पार फोडली तुनं?” बाबा म्हणाले. आमच्याकडे पाळीला पारच म्हणतात.

“फोडावीच लागते बाबा. नाहीतर तो मरत नाही.”

“अन् खाली गाव हाय ना?”

“आहे. ते वाहून जाते. शेवट तसाच आहे.”

“कोन सांगते तसाच हाय म्हणून?”

“गेम सांगते.”

बाबांनी अर्धा चहा तसाच टेबलावर ठेवला आणि निघून गेले. चहा अर्धा टाकणं म्हणजे आमच्या घरात फारच झालं. जेवतानाही एक शब्द नाही. आई मला खुणेने विचारते, काय केलंस? आता काय सांगू, गाव बुडवलं म्हणून?

सकाळी मात्र बाबा स्वेटर-मफलर घालून तयार. “गाडीत पेट्रोल हाय का? वच्छलाकडं जाऊन राहिलो. तिच्या तलावाचं पानी आज सुटून रायलं.”

वच्छलाआत्या म्हणजे बाबांची चुलत बहीण. नवेगाव बांधच्या अलीकडच्या एका छोट्या गावात राहते. गावाचं नाव लिहू नको असं तिने बजावलंय, फुकटची गर्दी नको म्हणते. मला वाटलं, चला, रविवार आहे, मच्छी-भात मिळेल. निघालो.

आता जाणाऱ्यांसाठी कामाची माहिती. कुडव्याहून गोंदिया शहर ओलांडायचं, गोरेगाव, सडक अर्जुनी आणि मग कोहमारा. तिथे मोठा हायवे आडवा येतो, तो जपून ओलांडा, ट्रक कुणाचेच नसतात. पुढे नवेगावचा रस्ता जंगलातून जातो. एकूण साठ-पासष्ट किलोमीटर, स्कूटरवर बाप मागे बसलेला असेल तर दोन तास, कारण चाळीसच्या वर काटा गेला की पाठीत बोट टोचतं. जानेवारीत सकाळी आठच्या आधी निघू नका, बोटं आखडतात. पेट्रोल जाऊन-येऊन तीनशेत होतं.

गोरेगावला पोहे खाल्ले, वरून चण्याचा रस्सा. टपरीवाला म्हणाला, “दीदी, अंकल को चाय फिक्की या मीठी?” बाबा अजून माझ्याशी बोलत नव्हते, म्हणून ते त्यालाच म्हणाले, “मीठी. और इनको बोलो, पूरा पीके उठेंगे.” मला हसू आलं. ते मात्र गंभीरच.

कोहमारा सोडल्यावर रस्ता सुंदर होतो. दोन्ही बाजूला साग आणि मोह, मध्येच धानाची कापलेली बांधी, त्यात लाखोरीची निळी फुलं. खरं सांगू? या रस्त्यावरून मी वीस वेळा तरी गेले असेन, पण ‘पाणराखी’त पहिल्या तासाला जे जंगल लागतं ते हेच आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पानांतून येणारा तोच कोवळा उजेड. परीक्षणात मी त्याला ‘ठीकठाक’ म्हटलं होतं.

दहाला पोचलो. आत्या अंगणात उभीच होती. पन्नाशीची, काटक, आवाज मात्र दोन गावं ऐकतील असा. या वर्षी गावाने तलावाचं पाणी सोडायचं काम तिच्याकडे दिलंय. पाणकर म्हणतात त्याला. आजवर बाप्यांचंच काम, पण मागच्या पाणकराने तीन वर्षं आपल्याच मेहुण्याची बांधी आधी भिजवली, तेव्हा गावाने ठरवलं की वच्छलाबाई बरी, ती कुणाचीच भीड ठेवत नाही.

“आली का कॉम्प्युटरवाली?” म्हणाली. “दादा, हे एवढी सुकली काऊन? खात नाही का?”

“खाते. गावं बुडवते,” बाबा म्हणाले आणि सगळी हकीकत तिला सांगून टाकली. आत्या माझ्याकडे अशी बघत राहिली की मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

“चाल माझ्यासंग,” म्हणाली.

तलाव छोटाच. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला गवत वाढलेली मातीची पाळ, तिच्यावर जांभळीची झाडं. पाळीच्या आतल्या अंगाला, पाण्यात, दगडांचा एक अरुंद जिना उतरत गेलेला. वरच्या दोन पायऱ्या उघड्या, बाकीच्या नितळ पाण्याखाली दिसणाऱ्या. प्रत्येक पायरीत एक गोल भोक आणि त्यात लाकडाचा दांडगा बुच ठोकलेला.

मी पाळीवर थिजूनच गेले. हाच जिना! दगडांची रचना तीच, खाली उतरताना डावीकडे वळणारी. फक्त गेममध्ये बुचांच्या जागी दगडी झाकणं आहेत आणि त्यांच्यावर तोंडं कोरलेली आहेत. सात झाकणं. मी काय केलं होतं? सूर मारून थेट तळाशी गेले आणि सगळ्यात खालच्या, सगळ्यात मोठ्या झाकणावर तलवार हाणली. गेम खेळणाऱ्याची सवयच ती. सगळ्यात अवघड जागी असेल तेच कामाचं. पाण्याने आत ओढलं, मेले. दोनदा मेले आणि जिन्याला सापळा ठरवून मोकळी झाले.

“आत्या, हे काय आहे?”

“बापा! तुडुम हाय, पानी सोडाचं. कोह्यळ्याची पोरगी अन् तुडुम नाही माहीत?” मग बाबांकडे वळून, “दादा, तू हिले काय शिकवलं?”

बाबा जांभळीकडे बघत राहिले. मला त्यांची इतकी दया आली! त्यांनी शिकवलं होतं हो. मीच मोबाइलमधून मान वर काढली नव्हती.

आत्याने लुगडं खोचलं आणि त्या थंडगार पाण्यात कंबरेपर्यंत उतरली. पाण्याच्या लगतचा बुच दोन्ही हातांनी हलवून हलवून उपसला. पाळीच्या पोटातून गुरगुरल्यासारखा आवाज आला आणि पाळीच्या पलीकडे, खालच्या पाटात, पाणी खळखळत सुटलं. तिकडे बायका उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांपाशी, म्हणजे रोपांपाशी, वाट बघत उभ्याच होत्या. पाणी आलं तशी एकीने वर बघून हात हलवला.

“आता पुढचा काढू?” मी विचारलं. मला दम नव्हता.

“थांब ना वं. पानी उतरू दे. हे पायरी उघडी पडली का मंग तिच्या खालची. वरून खाली, येक येक. घाई कोनाले हाय?”

“किती दिवस लागतात?”

“पाच, सहा. भरून असन तं जास्त.”

आम्ही पाळीवर बसून उकडलेले शिंगाडे सोलत होतो. ऊन मस्त लागत होतं. मग मी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी ही सगळी पोस्ट लिहितेय.

“आणि आत्या, सगळ्यात खालचा?”

“तो नाही काढाचा.”

“कधीच नाही?”

“कायले काढाचा? मच्छी काय हवेत राहीन? ढोरं कुठी पानी पेतीन? अन् खाली जोर किती रायते माहीत हाय का? हात घातला तं मानूस वढून नेते. तो बुच माह्या आजानं ठोकला, तवापासून तसाच हाय.”

मी शिंगाडा टाकून उठले आणि ओरडले, “बाबा! सातवं उघडायचंच नाही!” पलीकडच्या बगळ्यांचा थवा उडाला. आत्या म्हणाली, “दादा, हिले ऊन लागलं.” बाबा हसले. कालपासून पहिल्यांदा.

दुपारी आत्याकडे वांबी मच्छीचा लालजर्द रस्सा, भात आणि लाखोरीची डाळ. अशी चव हॉटेलात मिळत नाही, पण नवेगावात तलावाजवळच्या खानावळीत मच्छी-भाताचं ताट मिळतं, ते वाईट नसावं. बाहेर बरीच माणसं बोटं चाटत बसलेली दिसली. परतीआधी नवेगावचा मोठा तलावही बघून आलो. अफाट पाणी, चोहीकडे टेकड्या, लांबवर बदकांची काळी रेघ. बाबा पाळीवर बराच वेळ उभे होते. “हे हातानं बांधलं लोकायनं,” एवढंच म्हणाले. मीही या वेळी ऐकलं. चारला निघा, अंधारात जंगलाचा रस्ता नको, जनावरं आडवी येतात. आम्ही साडेसहाला घरी होतो.

ज्यांना ‘पाणराखी’ स्वतः खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबा. नवेगावला जाऊन या, मग खेळा.

सोमवारी सकाळी आंघोळ करून बसले. हो, आंघोळ करून, हसा खुशाल. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले, हातात चहा. पहिलं झाकण उघडलं आणि मी हात बांधून थांबले. गेममध्ये मी थांबले नव्हते कधी. थांबल्यावर काय काय दिसलं! पाळीखालची शेतं एकेक करून हिरवी होत जातात. गावातली माणसं बाहेर येतात, पाट मोकळे करतात, गाणं म्हणतात. हे गाणं चौघांपैकी कुणीतरी बसून रचलं असेल आणि मी सहा वेळा त्यांना बुडवलं होतं. मला खरंच लाज वाटली. दुसरं, तिसरं, चौथं. पाणी उतरेल तसा डोहासूर लहान होत गेला. जेवढं पाणी, तेवढाच तो. सहावं उघडल्यावर तळाच्या डबक्यात तो म्हशीएवढा होऊन शांत पडून राहिला. माझ्या नायिकेच्या हातात तलवार, घोटाभर पाण्यात पाय, समोर सातवं झाकण. दहा वर्षांची सवय सांगत होती, उघड, काहीतरी मिळेल.

बाबांचा कप ओठांपाशी थांबला होता.

मी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. मिनिटभराने नायिकेने आपोआप तलवार म्यान केली, पाळीवर येऊन बसली, आणि शेवटची नावं सुरू झाली. चार नावं आणि त्याखाली ‘आमच्या गावच्या पाणकरांना’.

“पार हाय ना?” बाबांनी विचारलं.

“हाय बाबा.”

त्यांनी चहा संपवला. तळाशी साखर राहते तीही बोटाने चाटून.

जुनं परीक्षण मी पुसलेलं नाही. ते तसंच राहू दे, वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की हे चुकीचं आहे आणि चूक माझी आहे. नवे गुण आठ. गेममधली सामानाची पिशवी अजूनही वैताग आहे, आणि जिन्याविषयी जरा तरी इशारा हवा होता, निदान माझ्यासारख्या कोहळ्यांसाठी.

मग चिचगडच्या त्या मुलीच्या प्रतिक्रियेखाली लिहिलं, ‘जिना बघितला. सातवं झाकण तसंच ठेवलं. माफ कर.’

दहा मिनिटांत तिचं उत्तर आलं, ‘ताई, तुम्हाला कोनं सांगतलं?’

मी मागे वळून विचारलं, “बाबा, ती विचारून राहिली, कोणी सांगितलं म्हणून. काय लिहू?”

बाबांनी जरा विचार केला. “लिही,” म्हणाले, “घरीच सांगतलं होतं. आयकून नव्हती रायली.”

तसंच्या तसं लिहिलं.