फॉन्टेनो सध्या कुठे आहे

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातल्या एका साप्ताहिकात अर्नेस्टिन गिड्री बावीस वर्षं एकच काम करत होती. दुसऱ्यांनी लिहिलेली बातमी छापण्याआधी शब्दन् शब्द पडताळायची. वेड नावाच्या तरुण बातमीदारानं शाळांमध्ये नेमलेल्या पोलिसांच्या दांडगाईच्या नऊ घटना लिहून आणल्या, तेव्हा ती नेहमीसारखी टेलिफोन घेऊन बसली.

तिसरी घटना चौदा वर्षांच्या जेनेलची. सार्जंट फॉन्टेनोनं तिला वर्गाबाहेर फरशीवर आपटलं, उजवा हात मोडला. फॉन्टेनोला बडतर्फ केलं, असं वेडनं लिहिलं होतं.

जेनेलची आई ओडेसा फोनवर म्हणाली, "तुमच्यासारखे चौघे येऊन गेले, बाई. छापलं कुणीच नाही. आणि हात डावा होता."

वेड वैतागला. "मिस अर्नेस्टिन, हात कुठला यानं काय बिघडतं?"

"फॉन्टेनोचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवेल. हात चुकला म्हणजे सगळंच खोटं, असं म्हणायला मोकळा."

बडतर्फीचा कागद मागितला, तर वेडकडे पोलीस खात्याचं दोन ओळींचं पत्र निघालं: 'सदर इसम आता आमच्या सेवेत नाही.' काढलं की तो आपणहून गेला, काहीच नव्हतं. आपणहून गेला असेल तर दुसऱ्या शाळेत लागलाही असेल, म्हणून अर्नेस्टिननं शेजारच्या परगण्यातल्या शाळांची यादी काढली आणि एकेक नंबर फिरवायला घेतला.

चौदाव्या शाळेत फोन उचलणारा म्हणाला, "सार्जंट फॉन्टेनो बोलतोय."

तिनं आपलं नाव, साप्ताहिकाचं नाव सांगितलं आणि काय छापणार आहोत ते वाचून दाखवलं.

"ती पोरगी माझ्या अंगावर आली होती," तो म्हणाला. "राजीनामा मी स्वतः दिला. मला कुणी काढलं नाही."

"हे तुमच्या नावानं घालते."

"घाला. खुशाल घाला."

तिनं त्याचं वाक्य जसंच्या तसं घातलं. 'बडतर्फ' खोडून 'राजीनामा देऊन दुसऱ्या शाळेत रुजू' असं केलं. संपादकांनी ती घटना तिसऱ्या जागेवरून उचलून सर्वांत वर नेली. लेख छापून आल्यावर पंधरा दिवसांत नव्या परगण्यानं त्याला शाळेतून काढून कचेरीत बसवलं. नोकरी मात्र शाबूत राहिली.

त्यानंतर त्या चौदाव्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला. फॉन्टेनोनं आपल्या मुलाला जिन्यावरून ढकललं होतं, असं ती म्हणाली.

"कोणत्या दिवशी? पाहिलं कुणी?" अर्नेस्टिननं विचारलं.

"दिवस आठवत नाही. पोरगा तर यावर बोलतच नाही."

अर्नेस्टिननं तीन आठवडे खटपट केली. डॉक्टरचा कागद नाही, साक्षीदार नाही. बाईच्या आवाजावरून तिचा त्या गोष्टीवर पुरता विश्वास बसला होता. वेडनं पुढच्या लेखात तो परिच्छेद घातला, तेव्हा तिनं पेन्सिल घेऊन तो काढून टाकला, आणि त्या आईला तसं स्वतः कळवलं.

"म्हणजे आम्ही खोटं बोलतो का?" बाईनं विचारलं.

"नाही," अर्नेस्टिन म्हणाली. "मला ते सिद्ध करता आलं नाही."

बाईनं फोन ठेवला.